तलावातला तिलापिया आणि खाडीतला जिताडा : ठाण्यातील एका तलावाचे प्रकरण

घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडील बाजूस, येऊरच्या उतारावरून येणाऱ्या ओहोळावर भरणारा एक जुना गावठाण तलाव हा या प्रकरणाचा विषय आहे. तलावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. ठाण्यात असे तलाव अनेक आहेत आणि येथे जे घडले ते त्यांपैकी कोणत्याही तलावात घडू शकते. तलाव साधारण एक हेक्टरचा आहे. पावसाळा संपताना त्याची सरासरी खोली दीड मीटर भरते. तीन बाजूंना काँक्रीटची भिंत आणि चालण्याचा मार्ग आहे, तर चौथ्या बाजूस देऊळ, पिंपळ आणि जुना मातीचा बांध आहे. जादा पाणी सांडव्यावरून नाल्यात जाते आणि नाला खाडीला मिळतो. हे भूगोलवर्णन थोडे लांबले, परंतु पुढील सर्व निर्णय या ओहोळावर आणि या सांडव्यावरच अडले किंवा सुटले.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी माझ्यापुढे दोन तक्रारी मांडल्या. पहिली अशी की मातीचा बांध दोन ठिकाणी खचला होता. दुसरी अशी की पायऱ्यांजवळ कोणाला तरी मगरीसारख्या अंगाचा, काळा, खरखरीत मासा मेलेला सापडला होता आणि त्याचे छायाचित्र सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. दोन्ही तक्रारींचा संबंध त्यांच्या ध्यानात आला नव्हता. त्यांचे म्हणणे सरळ होते : ‘सर, काय औषध टाकायचे ते लिहून द्या, पुढचे आम्ही बघतो.’ औषध हा शब्द त्या दिवसापासून आमच्या बैठकीत जो येऊन बसला, तो हलवायला मला वर्ष लागले.

पाण्यात नेमके काय आहे

गावठाणातील एक आगरी काका या तलावात लहानपणापासून पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकत आले आहेत. त्यांच्याबरोबर आम्ही आठवडाभर रोज पहाटे पाच ठिकाणी पाग टाकून पाहिला. प्रत्येक वेळी जाळ्यात सर्वाधिक भरणा तिलापियाचा होता आणि तोही बहुतांशी हाताच्या पंजापेक्षा लहान. त्याखालोखाल सकर, म्हणजे तोच छायाचित्रातला मासा. दोन वेळा थाई मागूर आला. काठावरच्या शेवाळात गप्पी मासे होते. मत्स्य सहकारी संस्थेने सोडलेले रोहू आणि कटला अधूनमधून मिळत होते. मूळच्या माशांपैकी एक मरळ आणि मूठभर लहान खवली एवढेच आठवडाभरात हाती लागले. काकांच्या सांगण्यानुसार त्यांच्या लहानपणी पहिल्या पावसात या ओहोळाला वलगण लागत असे आणि मासे पाण्याविरुद्ध चढून वरच्या शेतांपर्यंत जात असत. आता वरची शेतेही नाहीत आणि वलगणही नाही. त्यामुळे सगळा दोष तिलापियाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण बैठकीत तिच्यावरून बराच वाद झाला. ‘परके मासे काढा’ असे म्हणणाऱ्यांना रोहू आणि कटला घरचे वाटत होते, पण हे दोन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. कोकणच्या ओहोळात ते माणसाने आणून सोडले. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस डासांवर उपाय म्हणून तो भारतात आला, त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ मध्ये आला आणि आजही हिवताप विभाग विहिरी-डबक्यांत गप्पी सोडतात. म्हणजे परका असणे हा गुन्हा नव्हे. आक्रमक कोणाला म्हणायचे, तर जो आपणहून वाढतो, पसरतो आणि इतरांची जागा बळकावतो त्याला. रोहू-कटल्यांची अंडी साचलेल्या पाण्यात सहसा फळत नाहीत. त्यांना वाहते पूरपाणी लागते. दरवर्षी बीज, म्हणजे लहान पिल्ले, न सोडल्यास काही वर्षांत ते आपोआप संपतील. तिलापियाला मात्र कोणाचीच गरज नाही. हा भेद पटल्यावर आमची यादी दोन नावांवर आली : तिलापिया आणि सकर. थाई मागूर संख्येने थोडा होता आणि त्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटणारा होता. नावात थाई असले तरी तो मूळचा आफ्रिकेतला. देशात २००० पासून त्याच्या पालनावर बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाळलेला साठा नष्ट करण्यास सांगितले आहे. त्यामुळे तो जाळ्यात आला की परत पाण्यात टाकायचा नाही, एवढा नियम पुरेसा होता.

तिलापिया, म्हणजे मोझांबिक तिलापिया, भारतात १९५२ मध्ये आणला गेला. स्वस्त प्रथिने हा हेतू होता आणि तो काही वाईट नव्हता. परंतु १९५९ मध्येच देशाच्या मत्स्य संशोधन समितीने त्याचा प्रसार थांबवण्याची शिफारस केली. तोवर तो सुटलेला होता. त्याचे सामर्थ्य कशात आहे हे मी वर्गात अनेक वर्षे फळ्यावर लिहून दाखवत असे, पण त्या आठवड्यात ते पायरीवर बसून पाहिले. काकांनी पंजाएवढी एक मादी उचलली, तिची खालची हनुवटी अंगठ्याने हलकेच दाबली आणि तोंडातून पिवळसर दाणे ओघळून ओल्या दगडावर पडले. मोहरीपेक्षा मोठे, ज्वारीपेक्षा लहान आणि एका टोकाला किंचित निमुळते. मी मोजायला घेतले आणि शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिले. नर तळाच्या गाळात बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी तेथेच उबतात, पिल्लेही काही दिवस धोका दिसताच आईच्या तोंडात परत शिरतात आणि हा सगळा प्रकार सुमारे तीन आठवडे चालतो. इतर माशांची लाखभर अंडी उघड्यावर पडतात आणि त्यांतली बहुतेक खाल्ली जातात; तिलापियाची थोडी असतात, पण ती तिजोरीत असतात. दोन-तीन महिन्यांत पिल्लू वयात येते, आणि ठाण्यात पाणी वीस अंशांखाली फारसे उतरत नसल्याने विणीला हंगामही लागत नाही.

सकरची गोष्ट निराळी. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे आणि घराघरांत काचेच्या टाकीतले शेवाळ साफ करण्यासाठी विकला जातो. दुकानात तो बोटाएवढा असतो; दोन-तीन वर्षांत हाताएवढा होतो, टाकीत मावत नाही, आणि मारवत नाही म्हणून कोणीतरी त्याला देवळाच्या पायरीवरून ‘मोकळे’ करतो. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची तकटे असतात. पोटातून हवा घेण्याची सोय असल्याने पाण्याबाहेरही तो कित्येक तास तग धरतो. मुख्य म्हणजे विणीसाठी नर काठात बीळ खणतो. त्या एप्रिलमध्ये पाणी उतरले तेव्हा मातीच्या बांधावर पाण्याच्या रेषेलगत ही बिळे उघडी पडली. तोंड मुठीएवढे, आतून गुळगुळीत, तिरपे खाली गेलेले. मी बाही वर करून हात घातला तेव्हा कोपर आत गेले तरी तळ लागला नाही. बांध जेथे खचला होता तेथे अशी बिळे एकमेकांना लागून होती. दोन तक्रारींचा सांधा तेथे जुळला.

कोणकोणते उपाय तपासले

पहिला उपाय अर्थातच औषध. मासे मारण्यासाठी जगभर रोटेनोन हे द्रव्य वापरले जाते. ते काही वनस्पतींच्या मुळांत असते आणि पेशींची श्वसनक्रिया थांबवते. आपल्याकडे मत्स्यतळी साफ करण्यासाठी मोहाची पेंड टाकतात. सह्याद्रीतील रामेठ्याची साल ठेचून डोहातले मासे गुंगवण्याची पद्धत आदिवासींना पूर्वापार ठाऊक आहे. मोहाच्या पेंडीतील सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते. प्रचलित मात्रा लिटरला २०० ते २५० मिलिग्रॅम आहे, म्हणजे मीटरभर खोलीच्या एका हेक्टरला दोन ते अडीच टन. आमच्या तलावात दीड मीटर पाणी धरले तर पंधरा हजार घनमीटर होते आणि पेंड तीन ते पावणेचार टन लागते. पन्नास किलोची साठ ते पंचाहत्तर पोती. हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बैठकीत कोणीतरी म्हणाले, ‘एवढेच? टेम्पो मुरबाडहून मागवू.’

एवढेच नव्हते. पेंडीचा विषार दोन-तीन आठवडे टिकतो. अशा खताळ पाण्यात हेक्टरी एक-दोन टन मासळी असणे नवलाचे नाही. ती एकदम मेली तर चालण्याच्या मार्गाशेजारी दोन टन कुजणारे मांस आणि प्राणवायू संपलेले काळे पाणी उरेल. बिळात बसलेल्या सकरपर्यंत विष पुरेसे पोहोचेल याची खात्री नाही, आणि चार-दोन जोड्या उरल्या तर मोकळ्या झालेल्या तलावात त्यांचे राज्य. शिवाय कायदा आहेच : १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून पाण्यात विष घालून मासे मारणे हा गुन्हा आहे आणि त्यातून सुटायचे तर रीतसर परवानगी हवी. परंतु मला खरी अडचण सांडव्याची वाटली. त्याला जाळी नव्हती. पेंड टाकल्यावर अवेळी एक सर आली असती तर विष नाल्यात गेले असते. काकांनी हे सगळे ऐकून घेतले आणि एका वाक्यात निकाल दिला : ‘मास्तर, मासा मरनार नाय, पानी मरल.’

दुसरा उपाय तलाव उपसण्याचा. तो मे महिन्यात करता येतो, ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असल्याने तलाव पुन्हा भरेल याची चिंता नसते, आणि गाळही काढता येतो. पण उपसलेले पाणी जाणार कोठे? नाल्यात, आणि नाल्यातून खाडीत. मोझांबिक तिलापिया खाऱ्या पाण्यातही जगतो. म्हणजे उपशाने आम्ही त्याला पुढच्या गावाला पोहोचवण्याचीच व्यवस्था केली असती. बारीक जाळीतून उपसा करता येतो, पण पंपाच्या तोंडाशी मिलिमीटरभर जाळी लावली की ती दर पंधरा मिनिटांनी गाळाने बंद होते, हे आम्ही एका दुपारी करून पाहिले. पूर्ण उपसा आम्ही सोडून दिला. मात्र पाणी अर्ध्यावर उतरवण्याची कल्पना वहीत राहू दिली.

तिसरा उपाय जाळ्यांचा, आणि लोकांना तो सर्वांत निरुपद्रवी वाटला. येथे दोन गोष्टी आड आल्या. टांगती जाळी रात्रभर लावून पाहिली तेव्हा पहाटे तिच्यात एक मऊ पाठीचे कासव गुरफटलेले आढळले. ते वर यायला धडपडत होते आणि नाकाचे टोकच तेवढे पाण्याबाहेर होते. काकांनी ब्लेडने एकेक गाठ कापली आणि ते पुन्हा पाण्यात सरकले. आणखी तासभर गेला असता तर ते बुडून मेले असते. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या सकाळनंतर रात्रीची जाळी बंद केली. दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. तिलापियाच्या दाटीत मोठे मासे काढले की उरलेल्यांना खाद्य आणि जागा मिळते, त्यांची पिल्ले अधिक जगतात आणि वर्षभरात संख्या होती तेवढी, क्वचित तिच्याहून जास्त, होते. मासेमारीच्या ठेकेदाराला मोठा मासा विकायला हवा असतो, म्हणून तो नेमके हेच करत असतो. म्हणजे वर्षानुवर्षे चाललेली मासेमारी ही तिलापियाची एक प्रकारे मशागतच होती.

परदेशांतील उदाहरणे मी तपासली, कारण बैठकीत तरुण मंडळी मोबाईलवर रोज नवे काहीतरी आणत होती. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत लॅम्प्रे या रक्तशोषक माशाच्या अळ्या मारण्यासाठी १९५८ पासून एक निवडक रसायन वापरले जाते. ते तिलापियाच्या उपयोगाचे नाही. शिकागोच्या कालव्यात आशियाई कार्प मासे अडवण्यासाठी २००२ पासून विजेचा अडथळा आहे. आपल्या सांडव्याशी मुले पाय सोडून बसतात. ऑस्ट्रेलियात सायप्रिनसवर, म्हणजे कॉमन कार्प माशावर, नागीण कुळातील विषाणू सोडण्याचा विचार झाला, पण तो विषाणू फक्त सायप्रिनसला लागू पडतो आणि सायप्रिनस आपल्याकडे शेततळ्यांत मुद्दाम पाळला जातो. ज्यांची सर्व संतती नरच निपजेल असे मासे सोडून वंश खुंटवण्याची कल्पना २००६ मध्ये गणिती रूपात मांडली गेली आणि अमेरिकेच्या आयडाहो राज्यात ब्रूक ट्राउटवर तिचे प्रयोगही झाले. कल्पना सुंदर आहे, पण असे मासे तयार करणारे उबवणी केंद्र हाताशी हवे.

या सगळ्यांत मला शिकवून गेले ते टास्मानियातील लेक क्रेसेंट. तेथे १९९५ मध्ये सायप्रिनस आढळला आणि शेवटचा मासा २००७ मध्ये निघाला. म्हणजे बारा वर्षे, आणि तीही एका सरोवरासाठी. त्यांनी सगळ्या सरोवरात विष टाकले नाही. आधी सरोवराचे तोंड जाळ्यांनी बंद केले, मग विणीच्या उथळ गवताळ जागी मासे पोहोचू नयेत अशी व्यवस्था केली, आणि नर माशांच्या पोटात रेडिओ यंत्र बसवून त्यांना परत सोडले. हे फितूर मासे विणीच्या काळात आपल्या कळपाकडे जात आणि मागोमाग जाळे येई. रेडिओ यंत्रे आमच्या आवाक्यात नव्हती, पण क्रम मात्र घेण्यासारखा होता : आधी दार लावायचे, मग विणीची जागा मोडायची आणि शेवटी मासा धरायचा. आम्ही सगळे हा क्रम उलटा धरून बसलो होतो.

जिताड्याचा प्रश्न

पिल्लांचे काय करायचे हा प्रश्न मात्र उरलाच. जाळ्यातून निसटते ते पिल्लू, आणि तिलापियाचे बळ पिल्लांत आहे. तेव्हा शिकारी मासा हवा. पहिले नाव मरळचे निघाले. तो मूळचा येथला आहे आणि तिलापियाच्या तळ्यांत पिल्लांची दाटी कमी ठेवण्यासाठी वापरलाही जातो. दुसरे नाव काकांनी काढले. त्यांची बहीण पेणकडे दिली आहे आणि तिकडच्या गावतळ्यांत जिताडा सोडण्याची रीत जुनी आहे. काका म्हणाले की त्या तळ्यांत जिताडा पोसला जातो तो चिलापीवरच, म्हणजे तिलापियावरच. आमच्याकडच्या लोकांना जिताडा माहीत होता तो लग्नातल्या कालवणाचा.

मी लगेच होकार दिला नाही, आणि याचे कारण आफ्रिकेत आहे. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला. १९८० च्या दशकात त्याची संख्या अफाट वाढली आणि तिलापियाच्याच कुळातील, त्या सरोवराखेरीज अन्यत्र कोठेही नसलेल्या दोनशेच्या आसपास जाती नष्ट झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. हा नाईल पर्च आणि आपला जिताडा एकाच प्रजातीसमूहातले आहेत. दोघांच्याही शास्त्रीय नावाचा पहिला शब्द लेटस आहे. जगातील एक सर्वांत वाईट मत्स्य-दुर्घटना घडवणाऱ्याचा चुलतभाऊ मी तलावात सोडू पाहत होतो. वर्गात ही गोष्ट सावधगिरीचा दाखला म्हणून सांगण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती, त्यामुळे काही रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल केले पाहिजे.

फरक एका जागी आहे आणि तो निर्णायक आहे. नाईल पर्च गोड्या पाण्यात वितो. जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण विणीसाठी त्याला खाडीमुखाचे खारे पाणीच लागते. तो जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. आमच्या बंद तलावात यापैकी काहीही झाले तरी तेथे अंडी फळणार नाहीत. जेवढे सोडू तेवढेच राहतील आणि त्यांतले मरतील तेवढे कमी होतील. चूक झाली तर ती आपोआप संपेल, असा शिकारी निसर्गात क्वचित मिळतो. शिवाय तो परका नाही. सांडव्यावरून वाहून गेलाच तर आपल्याच खाडीत जाईल. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त स्थितीत त्याची पैदास साधल्यापासून बोटुकलीसाठी, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांसाठी, खाडीवर अवलंबून राहण्याचीही गरज उरलेली नाही.

त्याच्या मर्यादाही तशाच ठळक होत्या. जिताडा साधारण आपल्या निम्म्या लांबीचा मासा गिळतो, त्यामुळे वाढलेला तिलापिया त्याच्या तावडीतून सुटतो. सकरच्या हाडांच्या तकटांपुढे त्याचे काही चालत नाही. आणि पाण्यातला प्राणवायू उतरला की पहिला बळी त्याचा जातो. तिलापिया तेव्हा पृष्ठभागावर तोंड काढून निवांत असतो.

काय केले

परवानग्यांना नऊ महिने लागले. एका कार्यालयात आमचा अर्ज ‘मासे सोडणे’ या शीर्षाखाली घेतला गेला आणि दुसऱ्यात ‘मासे मारणे’ या शीर्षाखाली; दोन्ही बरोबर होते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी अडले. मत्स्य सहकारी संस्थेचा विरोध मला रास्त वाटला. तिलापिया हे त्यांचे रोजचे, खात्रीचे उत्पन्न होते आणि ते बंद करा असे सांगणारे आम्ही सकाळी चालायला येणारे लोक होतो. तोडगा असा निघाला की पाणी उतरवल्यावर निघणारा सगळा तिलापिया संस्थेचाच, अट एकच : लहान मासा परत पाण्यात टाकायचा नाही. लहान मासा कोण घेणार हा प्रश्न होता. तो सुकवून कोंबडीखाद्यासाठी देण्याची सोय संस्थेच्याच एका सभासदाने केली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सांडव्याला आणि ओहोळाच्या मुखाला दुहेरी जाळी बसवली, बाहेरची जाड आणि आतली बारीक. वरच्या ओहोळात अजून काही देशी मासे असतील तर तिलापिया त्यांच्यापर्यंत चढू नये, हा ओहोळाकडील जाळीचा हेतू होता. एप्रिलअखेर पाणी मीटरखाली उतरवले. तळातले खळगे उघडे पडले, एका सरळ रेषेत मांडलेल्या परातींसारखे. नर ते सोडून खोल पाण्याकडे गेले. मग ओढजाळे दिवसा, डोळ्यांदेखत, चार दिवस ओढले. कासवे हाताने उचलून बाजूला केली. सकर हातानेच धरावे लागले, जाळे ते फाडतात. त्यांच्या परांचे काटे रबरी हातमोज्यातून आरपार जातात हे दोघा तरुणांना पहिल्याच दिवशी कळले. बिळे मातीने नुसती बुजवली तर मासा ती पुन्हा उकरतो, म्हणून प्रत्येक बिळात आधी खडी ठासली, वर माती दाबली आणि बांधाच्या पायथ्याशी दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, केले. या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक खर्च या पिचिंगवर झाला आणि वर्तमानपत्रासाठी छायाचित्र काढायला मात्र त्याच्याकडे कोणी वळले नाही.

जिताड्याची वीतभर लांबीची तीनशे बोटुकली ऑगस्टमध्ये आणली. त्याआधी पुरवठादाराकडेच त्यांना टप्प्याटप्प्याने गोड्या पाण्याची सवय लावून घेतली होती आणि आकारानुसार निवडूनही घेतले होते, कारण लहानमोठे एकत्र राहिले तर मोठे लहानांना खातात. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि दर पाच मिनिटांनी तलावाचे तांब्याभर पाणी आत घातले. पिशवीचे तोंड कलते केल्यावर ती लगेच निघाली नाहीत. क्षणभर काठाशी थांबली, डोळे संध्याकाळच्या उन्हात तांबूस चमकले आणि मग एकेक करून सावलीकडे गेली. मूळच्या अर्जात मरळही होता, पण त्याचे खात्रीचे बीज त्या हंगामात मिळाले नाही.

संस्थेच्या रोहू-कटल्यांच्या बोटुकलीबाबत एक अट नंतर घातली, आणि ती आधीच घालायला हवी होती. बीज आणणाऱ्या पिशवीत चुकार तिलापिया असतो. आता पिशवी थेट तलावात रिकामी होत नाही. ती आधी पांढऱ्या टबात ओततात आणि दोन माणसे बसून निवड करतात. पहिल्याच पिशवीत सात निघाले.

सद्यस्थिती

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याच पाच ठिकाणी, त्याच पागाने, काकांनीच जाळे टाकले. तिलापिया आहे, आणि राहील. पायऱ्यांजवळ पूर्वी पावाचा तुकडा पडताच पाणी उकळल्यासारखे दिसायचे, तो पिल्लांचा थवा पुष्कळ विरळ झाला आहे. हाती आलेल्या तिलापियांत पंजापेक्षा मोठे अधिक आणि लहान कमी आहेत. मोठ्यांना जाळे आणि लहानांना जिताडा अशी वाटणी झाली तर असेच दिसायला हवे. मात्र एका वर्षाच्या पागांवरून याहून अधिक काही म्हणण्यास मी तयार नाही. खवली थोडी वाढलेली वाटते, पण ‘वाटते’ या शब्दाच्या पुढे तूर्त जाता येत नाही; जिताडा खवली आणि तिलापियाचे पिल्लू असा भेद करत नाही, हेही विसरून चालणार नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोन ढगाळ रात्री लागोपाठ आल्या आणि तिसऱ्या पहाटे नऊ जिताडे मेलेले आढळले. कारंजे त्या आठवड्यात नादुरुस्त होते. शोभेचे म्हणून ज्या कारंज्याकडे मी कधी धड पाहिलेही नव्हते, ते पाण्यात प्राणवायू मिसळण्याचे तलावातील एकमेव साधन होते. आता ते रात्री दोन ते सहा चालू ठेवतात आणि देवळाच्या रखवालदाराकडे त्याची चावी आहे.

सकर मोठ्या प्रमाणात काढले गेले, परंतु त्यांची ये-जा थांबलेली नाही, कारण त्यांचे दार सांडव्याला नाही, घराघरांत आहे. परिसरातील अ‍ॅक्वेरियमच्या एका दुकानदाराने मोठे झालेले मासे परत घेण्यास होकार दिला असून देवळाजवळील फलकावर त्याची माहिती लिहिली आहे. गणपतीनंतरच्या आठवड्यात, घरे बदलणाऱ्यांच्या दिवसांत, त्याच्याकडे चार सकर आले. तलावात किती गेले ते पुढच्या एप्रिलमध्ये पाणी उतरल्यावर बांधाकडे पाहून कळेल. पिचिंगच्या वरच्या कडेला, देवळापासून तिसऱ्या दिव्याच्या खांबासमोर, एक नवे बीळ आताच दिसू लागले आहे.